विश्लेषण : जुलाबानंतर लघवी लाल झाली तर? मूत्रपिंडाच्या शिरेत गुठळी का होते?

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या उपनगरांत गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात. बहुतेकांना दोन-चार दिवसांत आराम पडतो. मात्र जुलाब आणि उलट्यांमुळे शरीरातले पाणी फार कमी झाले, तर क्वचित मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. वैद्यकीय भाषेत या विकाराला ‘रीनल व्हेन थ्रॉम्बोसिस’ म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण तान्ह्या बाळांत वेळेत लक्षात आला नाही तर मूत्रपिंड कायमचे खराब होऊ शकते. हे नेमके कसे घडते, धोका कोणाला, घरी काय करावे आणि गोराईसारख्या खाडीपलीकडच्या गावातून रुग्णाला घेऊन केव्हा निघावे, याविषयी...

गोराईचा संदर्भ कशासाठी?

गोराई नावाचे दोन भाग आहेत. एक बोरिवली पश्चिमेची म्हाडाची वसाहत. दुसरे खाडीपलीकडचे गोराई गाव, जे मनोरी आणि उत्तनसह धारावी बेटावर आहे. गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत येते, पण बोरिवलीला जायचे तर खाडी ओलांडावी लागते. बोट नसेल तर उत्तन, भाईंदर, दहिसर असा मोठा वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात हवामान बिघडले की बोटीचा भरवसा नसतो आणि रात्री उशिरा ती मिळत नाही. गावातल्या काही पाड्यांवर पाणीटंचाईच्या तक्रारीही वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. पाणी साठवून वापरावे लागते तिथे ते दूषित होण्याची शक्यता वाढते.

म्हणजे पोट बिघडण्याचे कारण आणि रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ, या दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. शहरात दहा मिनिटांवर दवाखाना असलेल्या घराला ‘आणखी तासभर बघू’ म्हणणे परवडते. खाडीपलीकडच्या घराला तोच तास महागात पडू शकतो. हीच गोष्ट मनोरी, मढ, उत्तन किंवा राज्यातल्या कोणत्याही आडवाटेच्या गावाला लागू आहे.

मूत्रपिंडाच्या शिरेत काय होते?

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा भाग दोन मूत्रपिंडांकडे जातो. प्रौढ माणसात हे प्रमाण मिनिटाला साधारण एक लिटर असते. धमनी रक्त आत आणते, मूत्रपिंड ते गाळते आणि शीर ते रक्त बाहेर काढून पोटातल्या मोठ्या महाशिरेत सोडते. डाव्या मूत्रपिंडाची शीर लांब असते, कारण तिला महाधमनीच्या पुढून आडवे जावे लागते. उजवी आखूड असते.

या शिरेत किंवा मूत्रपिंडाच्या आतल्या तिच्या बारीक फांद्यांत रक्त गोठले की बाहेर जाण्याची वाट अडते. धमनीतून रक्त येतच राहते. त्यामुळे मूत्रपिंड तुंबते, सुजते आणि आतला दाब वाढतो. बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त लघवीत उतरते. दाब फार वाढला की नवे रक्तही आत येईनासे होते आणि मूत्रपिंडाच्या पेशी मरू लागतात. गुठळी लांबत जाऊन महाशिरेत शिरू शकते. तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकला तर जिवालाच धोका होतो.

आतड्याच्या संसर्गाशी याचा संबंध काय?

रक्त शिरेत का गोठते, याची तीन कारणे जर्मन वैद्यक रुडॉल्फ विरखो यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांनी १८५६ मध्ये या विषयावर मूलभूत काम केले. रक्ताचा वेग मंदावणे, रक्तात गोठण्याची प्रवृत्ती वाढणे आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे, ही ती तीन कारणे. तीव्र गॅस्ट्रोमध्ये तिन्ही एकाच वेळी हजर असू शकतात.

जुलाब आणि उलट्यांतून पाणी व क्षार जातात. रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो, पण लाल पेशी तेवढ्याच राहतात. परिणामी रक्त दाट होते. शरीर मेंदू आणि हृदयाचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी मूत्रपिंडाकडचा पुरवठा कमी करते, त्यामुळे तिथला वेग मंदावतो. संसर्गामुळे शरीरात दाह होतो. दाहामुळे रक्त गोठवणारी द्रव्ये वाढतात आणि रक्तवाहिन्यांचे अस्तरही बिघडते.

मग गुठळी मूत्रपिंडातच का? मूत्रपिंड आपल्या कामाच्या सुरुवातीलाच रक्तातले पाणी गाळून काढते. म्हणून गाळणीतून पुढे गेलेले रक्त आधीच काहीसे दाट असते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण मुळातले रक्त दाट आणि वेग कमी असेल, तर हीच जागा अडचणीची ठरते. लहान बाळांत गुठळी बहुधा मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक शिरांत सुरू होते आणि तिथून मोठ्या शिरेकडे सरकते.

म्हणजे जंतू स्वतः मूत्रपिंडात जाऊन गुठळी करत नाही. आतड्यातला संसर्ग आणि मूत्रपिंडातली गुठळी यांच्यामध्ये बहुतेक वेळा पाण्याची कमतरता असते. ती कमतरता घरच्या घरी भरून काढता येते, म्हणून हा विकार बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखा आहे.

तान्ह्या बाळांना धोका जास्त का?

सात किलोच्या बाळाचे उदाहरण घेऊ. वजनाच्या दहा टक्के पाणी गेले की ती तीव्र निर्जलीकरणाची अवस्था मानली जाते. या बाळासाठी ते फक्त ७०० मिलिलिटर होते. सतत जुलाब आणि उलट्या सुरू असतील तर एवढे पाणी एका दिवसातही जाऊ शकते. ७० किलोच्या माणसाला त्याच अवस्थेत पोहोचायला सात लिटर पाणी गमवावे लागेल.

बाळाचे मूत्रपिंड पाणी राखून ठेवण्यात मोठ्यांइतके तरबेज नसते. तिथला रक्तदाबही मुळात कमी असतो. शिवाय बाळाला तहान लागली हे सांगता येत नाही आणि स्वतः पाणी घेता येत नाही. नवजात बाळांत ही गुठळी जुलाबाशिवाय इतर कारणांनीही होते. आईचा मधुमेह, जन्मावेळी बाळ गुदमरणे, नाळेच्या शिरेत घातलेली नळी, गंभीर जंतुसंसर्ग ही त्यातली प्रमुख कारणे.

मोठ्यांपैकी आणि मोठ्या मुलांपैकी कोणी जपावे?

सर्वांत आधी नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्यांनी. या आजारात लघवीतून प्रथिने जातात, पापण्यांवर आणि पायांवर सूज येते. या प्रथिनांबरोबर रक्त गोठू न देणारी द्रव्येही निघून जातात, त्यामुळे गुठळीची शक्यता मुळातच वाढलेली असते. प्रौढांमध्ये मूत्रपिंडाच्या शिरेत गुठळी होण्याचे हेच मोठे कारण आहे. अशा रुग्णाला सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील आणि त्यात जुलाब लागले, तर पाणी दोन्हीकडून जाते. या रुग्णांनी जुलाबाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लघवीच्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्यांनाच विचारावे. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

गर्भवती आणि बाळंतिणींच्या रक्तात गोठण्याची प्रवृत्ती नैसर्गिकरीत्याच वाढलेली असते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, ही समजूत काही घरांत अजूनही आहे. ती एरवीही चुकीची आहे, जुलाब झाले असताना तर धोक्याची. बाळंतपणानंतर पाणी कमी पडल्याने मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे भारतीय डॉक्टरांच्या परिचयाचे आहे.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला, कर्करोगाचे रुग्ण, आतड्याला जुनाट सूज असलेले रुग्ण आणि घरात कमी वयात गुठळी झाल्याचा इतिहास असलेले, यांनीही सावध राहावे. पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. शरीरातले पाणी कमी झाले की त्यांच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या अडवतात. त्यांच्यासाठी साधा जुलाबही साधा नसतो.

लक्षणे कोणती?

वैद्यकीय पुस्तकांत बाळांसाठी तीन खुणा सांगितल्या जातात : लघवीतून रक्त जाणे, कुशीत हाताला लागणारी गाठ आणि रक्तातल्या प्लेटलेट कमी होणे. कुशीतली गाठ म्हणजे सुजलेले मूत्रपिंड. तिन्ही खुणा एकत्र दिसतीलच असे नाही, बऱ्याच बाळांत एक किंवा दोनच दिसतात. त्यामुळे तिन्हींची वाट पाहू नये.

घरच्यांना दिसू शकतील अशा गोष्टी या : लघवी लाल, तपकिरी किंवा काळ्या चहासारखी होणे. लघवी फार कमी किंवा बंद होणे. जुलाब कमी झाले तरी बाळ मलूल राहणे किंवा सतत किरकिरणे. पोटाला एका बाजूला हात लावला की रडणे. चेहरा पांढुरका पडणे.

मोठ्या माणसाला बरगड्यांखाली, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला जोराचे दुखते. लघवी लाल होते, मळमळते, कधी ताप येतो. मुतखड्याचे दुखणे असेच असते, म्हणून गल्लत होते. पायांवर सूज येणे, अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे ही लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब नको.

लाल रंग म्हणजे दर वेळी रक्तच असे नाही. बीट खाल्ल्याने किंवा काही औषधांनीही लघवीचा रंग बदलतो. तान्ह्या बाळाच्या लंगोटावर कधी विटकरी डाग दिसतो, तो लघवी दाट झाल्याने उतरलेल्या क्षारांचा असू शकतो. पण जुलाब सुरू असताना असा डाग म्हणजे पाणी कमी पडल्याची खूण आहे. तपासणी करूनच खात्री करावी.

अशीच दिसणारी दुसरी दुखणी कोणती?

जुलाबानंतर लघवी कमी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण गुठळी नसून निव्वळ पाण्याची कमतरता हे असते. वेळेत पाणी आणि क्षार मिळाले की बहुतेकांची मूत्रपिंडे पूर्ववत होतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते.

दुसरे कारण ‘हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम’. यात आव-रक्ताचे जुलाब झाल्यानंतर काही दिवसांनी मूल पांढुरके पडते, लघवी कमी होते आणि प्लेटलेट उतरतात. शिगेला जंतू आणि ई-कोलायचे काही प्रकार विष सोडतात, त्याने मूत्रपिंडातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. वरवर पाहता हा आजार शिरेतल्या गुठळीसारखाच वाटतो, पण उपचार वेगळे असतात. म्हणून लक्षणांवरून घरी किंवा औषधाच्या दुकानात निदान करणे शक्य नाही.

आतड्याच्या संसर्गाचे परिणाम दूर कुठेतरी दिसतात, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. राज्यात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आणि नोरोव्हायरस सापडला. तिथे नुकसान मज्जातंतूंचे झाले आणि त्यामागची यंत्रणा वेगळी होती. पण पोटातला संसर्ग पोटापुरता राहतोच असे नाही, हा धडा दोन्हीकडे सारखा आहे.

निदान कसे होते?

डॉक्टर आधी शरीरात पाणी किती कमी झाले आहे ते पाहतात. लघवीची तपासणी, रक्तातले क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि प्लेटलेटची संख्या या पहिल्या चाचण्या. शंका आल्यास डॉपलर सोनोग्राफी करतात. साध्या सोनोग्राफीत सुजलेले मूत्रपिंड दिसते, डॉपलरमध्ये शिरेतून रक्त वाहते आहे की नाही ते कळते. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही आणि क्ष-किरणही नसतात, म्हणून लहान बाळांसाठी ती सोयीची. गरज पडली तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुठळी एकाच बाजूला असेल तर दुसरे मूत्रपिंड काम सांभाळून घेते आणि क्रिएटिनिन जवळपास नेहमीसारखे येऊ शकते. त्यामुळे ‘किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर लाल लघवीची तक्रार सोडून देऊ नये.

उपचार काय असतात?

पहिला उपचार पाण्याचा. शिरेतून सलाइन देऊन रक्ताचे प्रमाण आणि क्षार पूर्ववत केले जातात. सोडियम फार वाढलेले असेल तर ते हळूहळू उतरवावे लागते, एकदम उतरवले तर मेंदूला सूज येऊ शकते. संसर्ग जिवाणूंचा असेल तर प्रतिजैविके दिली जातात.

गुठळी वाढू नये म्हणून हेपरिन गटातली इंजेक्शने देतात. ही औषधे गुठळी थेट विरघळवत नाहीत. ती नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि असलेली हळूहळू विरघळवण्याचे काम शरीर करते. हा उपचार काही आठवडे ते काही महिने चालतो, नेफ्रोटिक सिंड्रोमच्या रुग्णांत त्याहून जास्तही. रक्तस्रावाचा धोका असल्याने मात्रा तपासणी करूनच ठरवावी लागते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या शिरा अडल्या असतील आणि लघवी बंद असेल, तर गुठळी विरघळवणारे अधिक तीव्र औषध देण्याचा विचार होतो. तोवर डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. अशा बाळांना मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवले जाते. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय हे त्यापैकी एक. १९२९ पासून ते सुरू आहे. पण गोराईहून थेट परळ गाठण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा जवळच्या रुग्णालयात आधी सलाइन सुरू होणे महत्त्वाचे.

बरे झाल्यावर विषय संपतो का?

नाही. काही मुलांचे बाधित मूत्रपिंड पूर्ण सावरते, काहींचे आकसत जाते. दुसरे चांगले असेल तर मूल नेहमीसारखे वाढते, खेळते. पण आकसलेल्या मूत्रपिंडामुळे पुढे रक्तदाब वाढू शकतो. म्हणून रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि सोनोग्राफी यांची तपासणी डॉक्टर सांगतील तितकी वर्षे करत राहावी. मुलांचा रक्तदाब मोजण्यासाठी छोटा पट्टा लागतो. तो असलेल्या ठिकाणीच मोजून घ्यावा आणि जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत.

जलसंजीवनी कशी आणि किती द्यावी?

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी म्हणजे ओआरएस सुरू करावे, निर्जलीकरणाची लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर मीठ-साखरेचे असे द्रावण मोठ्या प्रमाणावर पाजले. तिथले कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

जागतिक आरोग्य संघटनेचे सध्याचे सूत्र २००२ पासूनचे आहे. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम. ग्लुकोजचे काम केवळ ताकद देण्याचे नाही. ते आतड्यातून शोषले जाताना सोडियमला आणि त्याबरोबर पाण्याला आत खेचते. हा मार्ग जुलाबातही बहुधा चालू राहतो.

मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे करावे. छोटी पाकिटेही मिळतात, त्यावर लिहिलेले पाण्याचे माप वाचावे. तयार द्रावण २४ तासांत वापरावे, उरलेले ओतून टाकावे.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्यांना हवे तितके द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, मूल अधाशासारखे पाणी पिऊ लागले, म्हणजे कमतरता सुरू झाली आहे. अशा वेळी किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाला अर्ध्या लिटरपेक्षा थोडे जास्त, चार तासांत थोडे थोडे करून आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीत द्यायचे असते.

अंगावरचे दूध थांबवू नये. मोठ्या मुलाला पेज, वरणाचे पाणी, ताक, शहाळ्याचे पाणी चालते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या मुलाला २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात. ओआरएस आणि झिंक सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, आशा सेविकांकडेही विचारावे.

द्रावण चुकले तर?

इथे गुठळीशी थेट संबंध येतो. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले किंवा घरच्या द्रावणात अंदाजाने मीठ जास्त पडले, तर रक्तातले सोडियम वाढते. सोडियम वाढले की पेशींमधले पाणी ओढले जाते. अशा प्रकारच्या निर्जलीकरणात मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो. बाळाच्या डब्यातल्या दुधाची पावडर जास्त घालून दूध घट्ट केल्यानेही हेच होते.

पाकीट मिळालेच नाही तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाळावे. चमचा बोटाने सपाट करून घ्यावा. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे.

टेट्रापॅकमधली गोड पेये हा पर्याय नाही. अशा काही पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ ही अक्षरे असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्याची आधीची मुभा मागे घेतली. जास्त साखरेमुळे आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात. खरेदी करताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा. शीतपेये आणि नुसते ग्लुकोजचे पाणीही ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

आणखी काय टाळावे?

मुलांना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. आव-रक्ताच्या जुलाबांत त्या मोठ्यांसाठीही धोक्याच्या ठरू शकतात. पोटात किंवा कुशीत दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही अशा काळात थोडे दिवस थांबवाव्या लागतात. त्याबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी घरात असली तरी ती आपल्या मनाने देऊ नये.

संसर्गच होऊ नये म्हणून काय?

टँकरचे, विहिरीचे किंवा साठवलेले पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. पाणी काढायला दांड्याचे ओगराळे वापरावे, भांड्यात हात बुडवू नये. पिंप आणि टाक्या पावसाळ्याआधी घासून धुवाव्यात. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यानंतर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत.

लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे एक मोठे कारण रोटाव्हायरस आहे. त्याची लस सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. ती सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे मोफत दिली जाते. भारत बायोटेकची आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशा दोन देशी लसी आहेत. लसीमुळे सगळे जुलाब थांबत नाहीत, पण रुग्णालयात न्यावे लागेल असे गंभीर जुलाब कमी होतात.

घरातून केव्हा निघावे?

समजा, गोराई गावातल्या एका घरात सात किलोच्या बाळाला दुपारी जुलाब लागले. संध्याकाळपर्यंत आठ-दहा वेळा झाले, दोन उलट्या झाल्या. बाळ ओआरएस घेते आहे, लघवी होते आहे, नजर लावून पाहते आहे. घरीच उपचार सुरू ठेवता येतील. पण शेवटची बोट किती वाजता, गाडी कोणाची मिळेल, हे याच वेळी विचारून ठेवावे. बाळाने लघवी केव्हा केली, ती वेळ मोबाइलवर लिहून ठेवावी. डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी वेगळी कळत नाही, म्हणून अशा दिवशी सुती लंगोट बरे.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर मात्र सकाळची वाट पाहू नये : सहा ते आठ तासांत लघवी नाही. लघवी लाल किंवा तपकिरी. बाळाची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जाते. पाजलेले सर्व उलटून पडते. शौचातून रक्त. बाळ गुंगीत आहे किंवा दूध ओढत नाही. हातपाय गार पडले, झटका आला.

बोट सुरू असेल तर बोरिवली-कांदिवलीतली पालिकेची रुग्णालये गाठता येतात. ती बंद असेल तर उत्तनमार्गे भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय वाटेत पडते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघावे आणि बाळ शुद्धीवर असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस देत राहावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात : जुलाब केव्हापासून, शेवटची लघवी केव्हा आणि तिचा रंग कसा होता. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ‘जुलाब आहेत’ एवढेच सांगितले तर बाळ इतर अनेकांपैकी एक ठरते. ‘काल रात्रीपासून लघवी नाही’ किंवा ‘लघवी लाल झाली’ हे सांगितले, तर मूत्रपिंडाच्या तपासणीला तिथूनच सुरुवात होते.